लिंबाखालचा कर्णा

“पण शब्द कोणते, महाराज? तेवढेच सांगा.”

पद्माकरबुवांनी हे विचारावं, हीच मौज. ज्यांच्या कीर्तनाला पंचक्रोशी लोटते, ते शब्द मागायला आले होते.

भैरोबाची जत्रा भरली होती. सोपानगिरी महाराज दरवर्षीप्रमाणे लिंबाखालच्या मंडपात कर्णा लावून बसले होते. जत्रेत चुकलेलं पोर तिथं आणून बसवायचं, महाराजांनी पुकारायचं, घरच्यांनी येऊन न्यायचं. बुवा लहानपणी याच महाराजांच्या मठात शिकले होते.

“कशासाठी हवेत शब्द?”

“भिका हरवला माझा.”

भिका म्हणजे बुवांचा पखवाजी. दोघे मठात एका ताटात जेवून वाढले. तीन वर्षांपूर्वी भर कीर्तनात भिकाचा ठेका चुकला आणि बुवा म्हणाले, “हात थकले असतील तर घरी बसून लसूण सोला.” लोक हसले. भिकानं पखवाजाला गवसणी घातली आणि उठून गेला. तेव्हापासून कीर्तनं रंगतात, पण बुवांना घास गोड लागत नाही.

महाराजांनी कान दिला. लांबून पालखीपुढचा पखवाज ऐकू येत होता.

“हा काय वाजतोय. हरवला कुठं?”

“माझ्याशी बोलत नाही, महाराज. समोर आला की वाट बदलतो.”

“तू काय बोलणार आहेस त्याच्याशी?”

बुवांनी घसा साफ केला. तयारी होतीच. “त्या प्रसंगी अनवधानानं माझ्या मुखातून गेलेल्या शब्दांनी आपलं अंतःकरण दुखावलं असल्यास...”

“असल्यास?”

बुवांनी डोक्यावरचा फेटा सारखा केला.

तेवढ्यात एका भेळवाल्यानं एक चिमुरडी आणून सोडली. हातात पिपाणी, गालावर गुलाल. महाराजांनी तिला मांडीवर घेतलं.

“हरवलीस होय गं?”

“मी नाही. आई हरवली.”

“बरं. तुला घरी काय म्हणतात?”

“ठकी.”

“कोणाची तू?”

“आईची.”

महाराजांनी माइक ओढला. “पिवळ्या झग्यातली ठकी हरवली आहे. लिंबाखाली बसली आहे. आईनं येऊन घेऊन जावं.”

आई धावतच आली. आधी एक धपाटा घातला, मग पोरीला छातीशी धरून स्वतःच रडायला लागली.

“हात धरून न्या,” महाराज म्हणाले. “गर्दी आहे.”

त्या गेल्या. महाराज बुवांकडे वळले.

“नाव काय तुझं?”

“महाराज, थट्टा करता?”

“नाव सांग.”

माइक बुवांच्या तोंडासमोर आला. सवयीनं त्यांची मान ताठ झाली. “कीर्तनकेसरी पद्माकर...”

महाराजांनी माइकवर हात ठेवला. “असं कोणी आईला सांगतं का रे? घरी काय म्हणतात?”

बुवांनी बाहेर पाहिलं. सगळी जत्रा ऐकणार होती. आकाशपाळण्यातले, हॉटेलातले, गेल्या वर्षी पाया पडलेले... हेच लोक त्या दिवशी हसले होते. हे नको, दुसरं काही सांगा, असं म्हणायला बुवांनी तोंड उघडलं होतं.

महाराजांनी हात काढला.

“पदू...” बुवांचा तो खणखणीत आवाज कुठं गेला कोण जाणे. “पदू हरवला आहे. पांढरा फेटा. लिंबाखाली बसला आहे. चूक त्याचीच आहे. भिकानं येऊन... भिका, घेऊन जा रे मला.”

जत्रेत आधी हशा पिकला, मग कुजबुज झाली.

पालखीपुढचा पखवाज थांबला.

बुवा खाली मान घालून बसले. बराच वेळ कोणी आलं नाही. पालखीपुढचे टाळ तसेच वाजत राहिले.

“येईल का, महाराज?”

महाराज फुटाणे खात होते. त्यांनी चार बुवांच्या हातावर ठेवले. रडणाऱ्या पोरांना ते नेहमीच देत.

मंडपाच्या दारात पावलं थांबली. मान वर न करताच बुवांनी ओळखलं. समोर दिसणाऱ्या बोटांना पखवाजाला लावायची ओली कणीक अजून चिकटलेली होती.

“पद्या,” भिका म्हणाला, “अरे, अख्ख्या जत्रेला ओरडून सांगायचं होय रे?”

“दुसरं सुचलं नाही.”

“इतकी कीर्तनं केलीस, आणि...” भिकानं बाहीनं नाक पुसलं. “फुटाणे एकटाच खातोयस.”

बुवांनी मूठ पुढं केली. भिकानं दोन उचलले.

महाराजांनी कर्ण्याची वायर सरळ केली. वर पाहिलंही नाही.

“हात धरून न्या,” ते भिकाला म्हणाले. “गर्दी आहे.”