बेळेकर बाईंचा आवाज

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात अंध मुलांची शाळा होती. तिथे बेळेकर बाई नावाच्या शिक्षिका होत्या. बावीस वर्षे त्या मुलांसाठी पुस्तके मोठ्याने वाचत आणि ते वाचन ध्वनिमुद्रित करून ठेवत. इतिहास, भूगोल, गोष्टी, कविता, अगदी स्वयंपाकाची पुस्तकेसुद्धा. पुढे बाईंच्या घशाला मोठे दुखणे जडले. शस्त्रक्रियेने जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला. तेव्हापासून त्या मोठ्यांशी पाटीवर लिहून बोलत. मुलांना पाटी कशी दिसणार? मुले वाचनालयात जात, कानाला हेडफोन लावत आणि बाईंचे जुने वाचन ऐकत. बाई दारात उभ्या राहून त्यांचे चेहरे बघत.

ही सगळी पुस्तके शाळेच्या सर्व्हरमध्ये होती. सर्व्हर म्हणजे एक दांडगा कॉम्प्युटर. एका चाळीत अनेक बिऱ्हाडे नांदावीत, तसे त्याच्या पोटात सहा कॉम्प्युटर नांदत होते. एकात मुलांची हजेरी, एकात परीक्षा, आणि सर्वांत मोठ्यात बाईंचे वाचन. या सर्व्हरची देखभाल गजेंद्र साळोखे नावाचा गृहस्थ करी.

गजेंद्र कामसू होता. सर्व्हरला नवे अपडेट द्यायचे असले की तो आधी त्याची प्रकृती तपासे. डिस्क ठीक आहेत का, यंत्र तापले तर नाही ना, सगळ्याची प्रत दुसऱ्या जागी उतरते आहे का. तासभर जाई. सात वर्षांत त्याला एकदाही खोट सापडली नाही. जे रोज धडधाकट दिसते ते तपासायचा माणसाला कंटाळा येतो. आठव्या वर्षी गजेंद्रने तपासणी सोडून दिली.

एका शनिवारी नवे अपडेट आले. मुख्याध्यापक शेणोलीकर सरांनी सहज विचारले, "साळोखे, आधी सगळं बघून घेतलंत ना?"

"बघायचं काय त्यात, सर? सकाळपासून मुलं ऐकतायत. चालतंय ते."

सरांना त्यातले काही कळत नव्हते. त्यांनी मान डोलावली.

गजेंद्र सर्व्हरच्या खोलीत गेला. यंत्रावर एक पिवळा दिवा लागलेला त्याला दिसला. अपडेट झाले की बघू, असे म्हणून त्याने काम सुरू केले. सर्व्हर बंद झाला. अपडेटनंतर तो आपोआप पुन्हा सुरू व्हायचा होता. गजेंद्र वाट बघत बसला. जेवणाची वेळ टळून गेली. सर्व्हर सुरू झाला नाही.

झाले होते ते असे. बाईंचे वाचन दोन डिस्कवर जोडीने ठेवलेले होते. एक गेली तर दुसरी सांभाळून घेईल म्हणून. त्यातली एक तीन महिन्यांपूर्वीच बंद पडली होती. पिवळा दिवा तेच सांगत होता. दुसरीही आतून झिजली होती. फिरत होती तोवर फिरली. एकदा थांबली ती कायमची. आणि दुसऱ्या जागची प्रत? तिथले यंत्र वर्षापूर्वी बदलले, तेव्हापासून नव्या यंत्रावर काही उतरतच नव्हते. सर्व्हर आपल्या प्रकृतीची नोंद स्क्रीनवरच्या एका पानावर ठेवी. त्या पानावर या तिन्ही गोष्टी लाल अक्षरांत लिहिलेल्या होत्या. ते पान वर्षभर कोणी उघडले नव्हते.

गजेंद्र डिस्क घेऊन पुण्याला जाणकारांकडे गेला. अठरा दिवसांनी त्यांनी ती परत दिली. "आतली तबकडीच खरवडून गेलीय. यातून काही निघणार नाही."

शेणोलीकर सर भला माणूस. ते म्हणाले, "यंत्र आहे, बिघडायचंच. तुमचा काय दोष? मी बाईंना तसं कळवतो."

गजेंद्र म्हणाला, "नको, सर. मी जातो."

बाई ओसरीवर मटार सोलत बसल्या होत्या. गजेंद्र त्यांच्यासमोर खाली बसला.

"बाई, यंत्र आधीच आजारी होतं. मी तपासलं असतं तर कळलं असतं. प्रत काढून मग हात लावला असता, तर सगळं राहिलं असतं. मी तपासलं नाही."

बाईंनी पाटी ओढली. लिहिले, "मुलं आता काय ऐकतात?"

"काही नाही."

बाईंनी पाटी पुसली. मग बराच वेळ काहीतरी लिहिले. ते त्याला न दाखवताच पुसून टाकले आणि त्या उठून आत गेल्या.

गजेंद्रने नवी यंत्रणा उभी केली. त्यानंतर प्रकृती तपासल्याशिवाय त्याने सर्व्हरला कधी हात लावला नाही. पण यंत्रणा नवी असली तरी तिच्यात ठेवायला काही उरले नव्हते. तेव्हा शाळेतले लोक एकेक पुस्तक पुन्हा वाचू लागले. गजेंद्रनेही एक घेतले. त्याचा आवाज जाडाभरडा, शब्द अडखळत येत.

एके दिवशी बेळेकर बाई येऊन त्याच्यासमोर बसल्या. तो चुकला की त्या बोट वर करत. तो ती ओळ पुन्हा वाचे. एक पुस्तक पुरे व्हायला दोन महिने लागले.

पाचवीतल्या यमुनेने ते शेवटपर्यंत ऐकले. हेडफोन काढून ठेवत ती गजेंद्रला म्हणाली, "चांगलं वाचलंय, सर. पण बाई कशा वाचायच्या, ते आता मला नीट आठवत नाही."

बाई तिच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी यमुनेचा हात हातात घेतला. गजेंद्र खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

तात्पर्य: चालते आहे म्हणजे धडधाकट आहे, असे नव्हे. ज्यावर दुसऱ्यांचे सर्वस्व विसंबून आहे, त्याला हात लावण्याआधी त्याची प्रकृती पाहावी. मागाहून केलेला पश्चात्ताप कितीही खरा असला, तरी गेलेले परत आणत नाही.