हुकूम मागणारी शलोमी

लहानथोरहो, राजे बदलत होते पण डोंगर जागचे हलत नव्हते, अशा जुन्या काळी एका डोंगरावर येशूच्या नावाने जमलेली एक वस्ती होती. नाव येशूचे, चालायचे मात्र एका म्हाताऱ्याचे. त्याला सगळे ‘वडील’ म्हणत.

तिथली रीत अशी, की देवाकडे काही मागायचे तर आधी वडिलांना सांगायचे. ते मागणे छाटून, नीट करून परत देत आणि मग प्रार्थना होई. देवाला एवढे मदतनीस लागतात, हे त्या वस्तीला खरेच वाटे. औषध घेणे म्हणजे अविश्वास. प्रश्न विचारणाऱ्याने प्रभुभोजनाच्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसायचे.

शलोमी नावाच्या बाईचा नवरा तापाने गेला. वडील म्हणाले, “त्याचा विश्वास कमी पडला.”

“विश्वास कमी पडला, की काढा?” शलोमीने विचारले.

तिला भिंतीकडे बसवले. चारचौघांनी बोलणे टाकले. एका दुपारी लेकीचा हात धरून ती डोंगर उतरली.

खालच्या गावात येशूचेच एक लहानसे देऊळ होते आणि तिथली उपासना चालवणारे एक साधे पाळक. शलोमी रोज त्यांच्या दारात उभी राही. “पाणी भरू का, पाळकबाबा?”

“विहीर गावाची आहे, बाई.”

“आज प्रार्थनेत काय मागू?”

खरे सांगायचे तर पाळकबाबांना सुरुवातीला हे आवडले. कुणाला आवडणार नाही? पण एके दिवशी त्यांच्या लक्षात आले, की त्यांच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय ती आमेनसुद्धा म्हणत नाही. मग मात्र त्यांना घाम फुटला.

अशात पोरीला ताप भरला. बापाला आला होता, तसाच. वैद्याने काढा दिला. पाळकबाबाही धावत आले. शलोमी वाटी घेऊन पोरीजवळ बसली, तोच दारात डोंगरावरचे वडील उभे. मागे दोन चेले.

“देवाने हात उगारलाय,” वडील म्हणाले. “वर चल. त्या वाटीला ओठ लागले, तर पोर गेलीच म्हणून समज.”

शलोमीचा हात थांबला. पोर कण्हत होती. शेजारी उभ्या पाळकांकडे तिने पाहिले. “तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करते.”

“मत विचारशील तर पाज. माझी पोर असती तर मी केव्हाच पाजला असता,” पाळक म्हणाले. “पण हुकूम मागशील तर तो माझ्याकडे नाही.”

वडील हसले. “बघ! ह्याला अधिकारच नाही.”

“नाही खरा,” पाळक म्हणाले.

पोरीचा श्वास जड झाला. शलोमी वडिलांकडे वळली.

“आजारी लेकरांसाठी आईबाप येशूकडे धावत आले. परवानगी कुणाची आणली, असं त्यानं कुणाला विचारलं?”

“प्रश्न विचारतेस?”

“हो.”

मग वर पाहून ती म्हणाली, “प्रभू, मला फार भीती वाटते. ही पोर वाचव. माझा हात थरथरतोय, तेवढा धर.” ही प्रार्थना कुणी छाटलेली नव्हती, की नीट केलेली नव्हती. तिने वाटी पोरीच्या ओठांना लावली.

वडील ओट्यावर बसून राहिले; पोर मरण्याची वाट पाहणे हीच त्यांची त्या दिवसाची उपासना. दिवस कलायच्या आत पोरीला घाम सुटला. तिने पेज मागितली. वडील उठले, तेव्हा मागे एकच चेला होता. दुसरा वैद्याच्या अंगणात हळूच विचारत होता, “माझ्या आईलाही खोकला आहे हो...”

शलोमीची भीती एका दिवसात गेली नाही. कुणी मोठ्याने बोलले की ती दचके. पण पुढे एका रविवारी उपासना संपल्यावर ती पाळकांना म्हणाली, “आज तुम्ही वचनाचा लावलेला अर्थ मला पटला नाही, बाबा. घरी जाऊन मी पुन्हा वाचणार आहे.”

पाळकबाबा जरा खट्टू झाले. मग त्यांनी तिच्यासमोर हात जोडले, आणि उजळलेल्या चेहऱ्याने घरी गेले.

तात्पर्य : विश्वास देवावर ठेवावा, त्याच्या नावाने हुकूम सोडणाऱ्यावर नव्हे.