झिजल्या कावडीचा रंधा

एका राज्यात शूरधवल नावाचा राजा होता. शूर तो नावापुरताच. राज्याच्या उत्तरेला काळभद्र चेटक्याची गुहा, गुहेत सोन्याचे तीन हंडे, आणि हंड्यांवर शाप: जो उचलील तो लाकूड होईल. चेटक्या मरून गेला, शाप तेवढा मागे राहिला. राजाला सोने हवे होते, पण हंडे उचलायला एकही शिपाई पुढे होईना, आणि राजाने स्वतः जावे असे तर कुणाच्या तोंडूनही निघाले नाही. मग राजाने काय केले? रानातल्या झऱ्यावर कावडीने पाणी भरणाऱ्या तीन बायका धरून आणवल्या. शापाची गोष्ट त्यांना सांगितली नाही. त्यांनी हंडे खांद्यांवरून वाहून राजवाड्यात आणले, आणि खाली ठेवताक्षणी तिघींच्या जागी तीन ओंडके उभे राहिले.

त्यांतली एक होती हैबती सुताराची बायको, ठकू. हैबतीला हे कुठून कळावे? पाण्याला गेलेली बायको परतली नाही एवढेच त्याला ठाऊक. झऱ्याकाठी तीन कावडी पडलेल्या होत्या, त्यांतली तिची तो घरी घेऊन आला. चार दिवस त्याने रान पालथे घातले. पाचव्या दिवशी राजाचे बोलावणे आले.

"हे तीन ओंडके," राजा म्हणाला, "रंधून गुळगुळीत कर. खजिन्याच्या दाराची चौकट करायची आहे. मुदत नऊ दिवस. तुझ्याने न झाले तर दुसरा सुतार बघू."

हैबती पंचक्रोशीतला पहिला कारागीर. वाकडे काही दिसले की त्याचा हात शिवशिवायचा. मन थाऱ्यावर नव्हते तरी राजवाड्यातच पहिल्या ओंडक्यावर त्याने रंधा धरला. पहिला छिलका निघाला तो ओला. दुसरा निघाला तो लाल. बिबळ्याच्या लाकडातून असा तांबडा चीक येतो हे त्याला पक्के ठाऊक होते, म्हणून त्याने हात थांबवला नाही. तिसऱ्या हाताला ओंडका कण्हला आणि वरपासून खालपर्यंत उभा तडकला.

खिडकीत एक सुतारपक्षी येऊन बसला होता. तो बोलला, "सुतारा, हा बिबळा नव्हे. ही कुंभाराची कोंडू होती. आता नाही."

हैबतीने रंधा खाली ठेवला. अडाण्याने केले असते तर अडाणीपणावर ढकलता आले असते. त्याने केले ते सगळे जाणकारीने केले होते. मग त्याने विचारले, "आणि हे दोन?"

"पलीकडला कोष्ट्याची भागू. मधला तुझी ठकू."

"पाखरा, तिला सोडवू कसा?"

"रंधूनच. पण या रंध्याने नाही. नवा रंधा तुझ्या हाताने घडव. ठोकळा अशा झाडाचा, ज्याने आपण होऊन तो दिला. पाते अशा लोखंडाचे, ज्याने कधी रक्त पाहिले नाही. आणि तळ तिच्या अंगाने झिजलेल्या लाकडाचा. असा रंधा लाकूड तेवढे काढील, माणूस ठेवील. तळ ज्याच्या अंगाने झिजला त्यालाच तो चालेल, दुसऱ्याला नाही."

हैबती रानात गेला. प्रत्येक झाडापुढे हात जोडून त्याने विचारले, "देतोस का?" साग बोलला नाही, शिसव बोलली नाही. विजेने होरपळलेला एक खैर मात्र म्हणाला, "देतो. माझी आता सावली पडत नाही. तुझी दे." हैबतीने दिली. तेव्हापासून भर उन्हातही त्याच्या पायाशी सावली दिसली नाही. ठोकळा घेऊन तो निघाला.

माळावर आकाशातून पडलेले लोखंड होते, त्यावर एक म्हातारा नाग बसलेला. नाग म्हणाला, "हे पडले तेव्हा इथे चिटपाखरू नव्हते. रक्त याने पाहिले नाही. तुझ्या आयुष्याची तीन वर्षे दे आणि ने."

"पाच घे," हैबती म्हणाला.

"तीन म्हणालो," नाग म्हणाला, आणि बाजूला सरला. हैबतीने लोखंड उचलले तेव्हा त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

तिसरी वस्तू तर घरातच होती. ठकूची शिसवी कावड. बारा वर्षे ती त्याच कावडीने पाणी वाहत होती, आणि तिच्या डाव्या खांद्याने त्या दांड्याला मधोमध खळगा पाडला होता. तो खळगा हैबतीच्या डोळ्यांत सलायचा. एकदा त्याने तिला न विचारता दांडा रंधून सरळ करून दिला होता. पुढे वर्षभर ती रोज खांद्याला तेल लावून बसायची, नवा खळगा पडेपर्यंत.

त्याने खैराचा ठोकळा घडवला, पाते घासले, पाते जाईल एवढेच तोंड कोरले, पाचर बसवली. तळाला मात्र त्याने कावडीचे टोक कापून लावले. तळ सरळ हवा, हे त्याला बापाने शिकवले होते आणि बापाला आज्याने. झिजलेला मधला भाग वाया गेलेला, असे समजून त्याने कोपऱ्यात टाकला. दोन अवघड वस्तू त्याने सचोटीने आणल्या, आणि सोप्या तिसरीत खोड आडवी आली.

मुदतीच्या आठव्या दिवशी त्याने मधल्या ओंडक्याच्या माथ्याजवळ रंधा टेकवला. एक हात मारला. छिलका लाल आला.

हैबती खिडकीकडे वळला. "पाखरा, सगळे तू सांगितल्यासारखे केले."

"तिच्या अंगाने झिजलेले लाकूड म्हणालो होतो," सुतारपक्षी म्हणाला. "तू तुझ्या डोळ्यांना रुचेल ते घेतलेस."

तो धावत घरी गेला. कोपऱ्यातला वीतभर तुकडा उचलून त्याने खळग्यावरून अंगठा फिरवला. एका बाजूला खोल, एका बाजूला उथळ. तिचा डावा खांदा उजव्याहून खाली होता. बारा वर्षांत हे त्याने पाहिले नव्हते. दांडा वाकडा झाला एवढेच पाहिले होते. तो तिथेच रडला. मग त्याने रक्त लागलेल्या पात्याच्या जागी उरलेल्या लोखंडाचे नवे घासून घातले, आणि सरळ तळ उखडून तो वाकडा तुकडा होता तसा बसवला, त्या तुकड्याला रंधा लावला नाही की कानस लावली नाही.

या खेपेला छिलके कोरडे आले. खांदा निघाला, मान निघाली, कपाळ निघाले. सूर्य मावळायच्या आत ठकू त्याच्यापुढे उभी होती. डाव्या खांद्यावर एक लांब जखम होती.

"खांदा दुखतोय," ती म्हणाली.

"माझ्या हातून झालं," हैबती म्हणाला.

"तुमच्या मिशांना काय झालं?" तिने विचारले. त्याने पंचा फाडून तिच्या जखमेवर बांधला.

भागूची कावड झऱ्यावर होतीच. तिच्या खळग्याचा नवा तळ बसवला आणि नवव्या दिवशी तीही सुटली. राजाला वर्दी गेली की चौकट नाही, खांब चालून घरी गेले. राजा संतापाने धावत आला. आता हंड्यांना दार नाही, पहारा नाही. दुसऱ्यावर विश्वास कसा ठेवावा? बायका सुटल्या म्हणजे शापही सरला असे समजून त्याने पहिला हंडा आपल्या हाताने उचलला. तो खाली ठेवताक्षणी राजाच्या जागी एक जाडजूड ओंडका उभा राहिला.

राणीने हैबतीला हात जोडले. "आमच्या महाराजांसाठी रंधा घडव."

"घडवतो, राणीसाहेब. त्यांच्या अंगाने झिजलेले लाकूड तेवढे द्या."

सिंहासन आणले, त्यावर जाड गादी होती, खालचे लाकूड कोरे करकरीत. तलवारीची मूठ आणली, तिच्यावरचे नक्षीकाम जसेच्या तसे. राजवाडा तीन दिवस धुंडाळला. सेवकांच्या हातांनी झिजलेले पुष्कळ निघाले, राजाच्या अंगाने झिजलेले काही निघाले नाही. सुतारपक्षी म्हणाला, "उचलायला लावणाऱ्यानेच उचलले. हंड्यांवरचा शाप फिटला, राजा मात्र ओंडकाच राहील." हंड्यांत पाहिले तर कोळसा. राणी गादीवर बसली, पण आधी गादी काढून. रानातल्या झऱ्यावर बायका पुन्हा निर्धास्त पाण्याला जाऊ लागल्या.

झऱ्याकाठी तिसरी कावड अजून पडलेली होती. हैबतीने ती उचलली, उभा तडकलेला ओंडका गाडीवर घेतला आणि कुंभाराच्या दारी गेला. काय झाले ते त्याने पहिल्यापासून सांगितले, बिबळ्याचे सुद्धा. दोघांनी मिळून कोंडूला अग्नी दिला. कावड कुंभाराने ठेवून घेतली, आणि खळग्यावर हात ठेवून तो ओट्यावर बसून राहिला. हैबतीची सावली पडत नव्हती, की तिच्यावरून वेळ मोजावी. उन्हात तो किती वेळ त्या दारात उभा होता, हे कुणाला कळले नाही.