रूटची कुरकुर

“पण आप्पा, पोचलं म्हणजे पोचलं. त्यात आणखी काय बघायचं राहिलं?”

अभिनंदन चौगुलेचा आवाज मठाच्या कट्ट्यावरून थेट रस्त्यापर्यंत ऐकू जात होता. आप्पा मात्र विभूतीचे गोळे वळत बसले होते, जसं काही समोर माशीच गुणगुणतेय.

“पोचलं... कुणाला?”

“शिदूला. दुसऱ्या कुणाला?”

आप्पांनी हातातला गोळा उन्हात ठेवला आणि दुसरा वळायला घेतला.

गोष्ट अशी होती. माळवाडीच्या कपिला महिला दूध संस्थेची मोठी टाकी काल दुपारी तापली आणि गावातल्या बायकांनी सकाळी घातलेलं सगळं दूध नासलं. लाईट गेली होती, जनरेटरनं ऐनवेळी दगा दिला, आणि टँकर येईपर्यंत टाकीचं दही झालं. सगळा वास गल्लीभर. टाकीवर लक्ष ठेवायचं काम शिदू लोहाराचं. पूर्वी तो टाकीपाशी खुर्ची टाकून बसायचा. अभिनंदननं ती खुर्ची उचलायला लावली. माणसानं बसायचं कशाला, म्हणाला, माझं मशीन सांगेल की.

त्यानं टाकीला, लाईट गेली तरी बॅटरीवर चालणारं, लिनक्सचं मशीन जोडलं. त्यात ‘गारवा’ नावाचा एक पत्ता तयार केला. गारवा म्हणजे काही कुणी माणूस नव्हे, ते नुसतं टोपणनाव. टाकी तापली की मशीननं गारवाला मेल टाकायचा, आणि गारवाच्या नावामागे ज्यांची ज्यांची नावं लिहिलीत, त्या सगळ्यांच्या मोबाइलवर तो पोचायचा. त्यात शिदू होता, संस्थेच्या अध्यक्षा आक्काताई होत्या, जनरेटरवाला होता. शिदूच्या मोबाइलला तर अभिनंदननं त्या मेलसाठी कुकरसारखी शिट्टी बसवून दिली होती. लोक मुद्दाम ऐकायला जायचे.

काल शिट्टी वाजलीच नाही, असं शिदू म्हणत होता.

वाजली, पण हा जेवून आडवा झाला असणार आणि मागनं मेल पुसला असणार, असं अभिनंदन म्हणत होता. आक्काताईंनी मेल आला की नाही ते बघितलंच नव्हतं, त्या मोबाइल पर्समध्ये ठेवून लग्नाला गेल्या होत्या, आणि जनरेटरवाल्याचा तर मोबाइलच बंद. त्यामुळे गळा सापडला तो एकट्या शिदूचा.

आज पाच वाजता बैठक होती. शिदूला ठेवायचं की काढायचं. त्याच्याकडून टाकीघराची चावी कालच काढून घेतली होती. आक्काताईंनी स्वच्छ सांगितलं, मशीनमधलं आम्हाला काय कळतंय, मठातल्या आप्पांनी मशीन बरोबर आहे म्हणावं, मग शिदू घरी.

आता मठातल्या आप्पांचा आणि मशीनचा काय संबंध, असं परगावचा माणूस विचारेल. पण मठाची गादी त्यांच्याकडे येण्याआधी आप्पा कोल्हापुरात एका कॉलेजच्या मेलची मशीनं सांभाळायचे. अभिनंदन त्यांच्याच हाताखाली शिकला. गादीवर बसल्यावर आप्पांची पँट गेली, शर्ट गेला, पण कुणाचा मेल अडला की माणसं नारळ घेऊन मठाची पायरी चढायचीच.

अभिनंदन आज नारळ न घेता आला होता. तो विचारायला आलाच नव्हता. तो शिक्का घ्यायला आला होता.

त्यानं मांडीवरचा लॅपटॉप आप्पांच्या तोंडाशी नेला. मोबाइलवरून नेट घेऊन तो इथूनच संस्थेच्या मशीनमध्ये शिरला होता. मेलचं मशीन जे जे करतं ते ते ओळीओळीनं लिहून ठेवतं. त्यातल्या फक्त ‘सेंट’, म्हणजे ‘पाठवलं’, ह्या शब्दाच्या ओळी त्यानं वेगळ्या काढल्या होत्या. काल दुपारची वेळ. पुढे लांबलचक आकडे, अक्षरं... आणि पडद्याच्या उजव्या कडेला, अगदी शेवटी, सेंट.

“हे घ्या. वेळ बघा. टाकी तापली आणि त्याच मिनिटाला गेला. यंत्र खोटं बोलत नाही आप्पा, माणूस बोलतो.”

“व्हय... यंत्र खोटं बोलत न्हाई.”

“मग सांगा तसं आक्काताईंना. फोन लावून देऊ?”

आप्पांनी राखेनं भरलेलं बोट पुढं केलं. अभिनंदन जरा मागं सरकला, लॅपटॉप नवा होता. पण आप्पांनी बोट टेकवलंच, आणि ती ओळ हळूच डावीकडं ओढली. पडद्यावर विभूतीचा एक पट्टा उठला.

ओळ संपली नव्हती. सेंटच्या पुढे कंस होता. कंसात काहीतरी होतं.

“वाच.”

अभिनंदननं वाचलं. मनातल्या मनात.

“मोठ्यानं वाच की लेका. मघाशी रस्त्यापर्यंत आवाज जात होता तुझा.”

“...देव नल.”

देव नल म्हणजे लिनक्सवाल्यांचा खड्डा. त्यात टाकलं ते गेलं. तळ नाही, आवाज नाही, काही परत म्हणून येत नाही. आणि मशीन बिचारं प्रामाणिक, खड्ड्यात टाकलेलंसुद्धा ‘पोचलं’ म्हणूनच लिहितं.

अभिनंदनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तरी तो सावरला. म्हणाला, हा दुसराच कुठला तरी मेल असणार, मशीन आतल्या आत पन्नास गोष्टी पाठवत असतं, गारवाच्या मेलचा आणि ह्याचा संबंध नाही.

आप्पांनी गोळा वळला. उन्हात ठेवला.

मग म्हणाले, “त्या मशीनच्या घरातलं सगळ्यात मोठं माणूस कोण?”

“रूट.” हे तर पहिल्या दिवशीच शिकवतात. सगळ्या चाव्या ज्याच्याकडे, तो रूट.

“काय बिघडलं, काय फसलं, तर मशीन कुणाला सांगतं?”

“रूटला.”

“आणि रूटला आलेलं कोण वाचतं?”



मठामागच्या चिंचेवर कावळे भांडत होते. ते ऐकल्यासारखं करत अभिनंदन बसला.

खरी गोष्ट अशी, की ते मशीन बसवल्यापासून रूटच्या नावानं रोज काही ना काही यायचं. आज हे झालं नाही, आज ते जमलं नाही. सासूसारखी कुरकुर. रूटचा मेल अभिनंदनकडेच यायचा. त्याला त्याचा वैताग आला आणि एका झटक्यात त्यानं टोपणनावांच्या फाईलमध्ये रूटपुढचं आपलं नाव पुसून तिथे खड्डा लिहिला. त्या दिवसापासून डोक्याला कसं शांत. तो सगळ्यांना सांगायचा, माझ्या मशीनची एक तक्रार नाही.

आता हे त्यानं आप्पांना सांगितलं. तुटक तुटक, जमिनीकडं बघत.

मग एकदम ताठ बसला. कालच्या नोंदी सगळ्या काढतो म्हणाला, गाळण न लावता, ओळ न ओळ तपासतो, काय झालं ते हुडकतोच. बोटं भराभरा चालायला लागली.

“हुडकतोस कशाला? त्याच्या तोंडावरचा हात काढ. ते सांगंल.”

अभिनंदननं टोपणनावांची फाईल उघडली. रूटपुढचा खड्डा पुसला, आपलं नाव लिहिलं. जपून ठेवलं. आणि टाकी तापल्याचा एक खोटा इशारा मशीनकडून पाठवला.

दोघं वाट बघत बसले. म्हणजे अभिनंदन बसला, आप्पा गोळे वळत होते.

काही आलं नाही.

पुन्हा पाठवला. मोबाइल हलवून बघितला, नेट होतं. घड्याळ बघितलं. बैठकीच्या आधी बायका चहाला जमतात, आता जमायला लागल्या असतील. शिदूच्या नावाचं तिथं काय काय चाललं असेल. 

“आप्पा, लिहिलं की मी. माझं नाव लिहिलं. तरी येत नाही.”

“कुठं लिहिलंस?”

“फाईलमध्ये.”

“ते कुठं फाईल वाचतंय?”

अभिनंदननं जीभ चावली. हे त्यानं स्वतः दहा पोरांना शिकवलं होतं. टोपणनावांची फाईल माणसांसाठी असते. मशीन वाचतं ती तिच्यावरून केलेली दुसरी, त्याच्या भाषेतली. फाईलमध्ये बदल केला की ‘न्यू एलियासेस’ची आज्ञा द्यावी लागते, तेव्हा कुठं मशीनला ते कळतं. नाही तर तुम्ही लिहीत बसा, ते आपलं जुनंच धरून चालतं. नवं शिकणाऱ्यांना हे चुकलं की तो किती हसायचा.

आज्ञा दिली. इशारा पुन्हा पाठवला.

टिंग.

मांडीवरचा मोबाइल थरथरला. त्याच्याच मशीनचा मेल, त्याच्याच नावावर. कितीतरी दिवसांनी.

वाचता वाचता तो उभाच राहिला. मशीननं सगळं सांगितलं होतं, अगदी पाढा वाचावा तसं. गारवाचा मेल शिदूला द्यायला गेलो, घेतला नाही. आक्काताईंना द्यायला गेलो, घेतला नाही. जनरेटरवाल्याकडे गेलो, तिथंही नाही. सगळीकडे एकच कारण. पाठवणाऱ्याचा पत्ता ‘हिमालय’ असा आहे, आणि ह्या नावाचं ठिकाण आम्हाला कुठंच सापडत नाही.

हिमालय हे नाव अभिनंदननंच ठेवलं होतं. टाकी थंड ठेवणारं मशीन, म्हणून हिमालय. गेल्या महिन्यात मोठ्या हौसेनं त्यानं मशीनला हे नाव दिलं. नंतर गारवाला मेल टाकून तपासलंही होतं, पण ते स्वतःच्या पत्त्यावरून. तो पत्ता जगाला ओळखीचा, त्यामुळं तो मेल पोचला. मशीन स्वतःच्या नावानं पाठवायचं आणि दारोदार हाकललं जायचं. मग बिचारं परत घरी येऊन रूटला सांगायचं, नाही घेतलं म्हणून.

आणि रूट खड्ड्यात. कालची ती ‘सेंट’ची ओळ ह्याच तक्रारीची.

“कालसुद्धा सांगितलं असणार ह्यानं मला,” अभिनंदन म्हणाला. आवाज एवढा बारीक, की आप्पांना मान वाकवून ऐकावं लागलं.



“आप्पा, कालचा तो मेल आता कसा मिळेल?”

“खड्ड्यातलं परत येतंय व्हय?”

पुढचं काम मग त्यानं बघता बघता केलं. हिमालयाच्या जागी संस्थेचा खरा, जगाला ठाऊक असलेला पत्ता घातला. श्वास धरला. गारवाला इशारा पाठवला.

ह्या वेळी नोंदीत सेंट आलं, आणि कंसातलं त्यानं आधी वाचलं.

पाच मिनिटंसुद्धा गेली नसतील, मोबाइल वाजला, अभिनंदननं स्पीकरवर घेतला. शिदू. धापा टाकत होता, मागं कुठंतरी कुत्रं भुंकत होतं.

“सायेब, शिट्टी झाली. टाकीपाशी आलोय. पर चावी काढून घेतलीया माझी, आत जाता येईना. टाकीच्या गरमीचा काटा खिडकीतनं दिसंना. खिडकी फोडू काय?”

 ज्याला आज काढायचं, तो माणूस बैठकीचा धुतलेला शर्ट घालता घालता तसाच पळत आला होता.

“...फोडू नको शिदू. टाकी गार आहे. मी बघायला पाठवला होता तो मेल.”

“व्हय?” शिदूला हायसं वाटलेलं फोनमधून कळलं. मग तो कौतुकानं बोलायला लागला. काय मशीन केलंय सायेब तुम्ही, झ्याक. अशी शिट्टी झाली की म्हातारी दचकून उठून बसली. ह्याला नावं ठेवायला जागाच नाही. आणि मग जरा थांबून, पडल्या आवाजात म्हणाला, “काल माझीच कायतरी चूक झाली आसंल बघा. मोबाइल कुठंतरी ठिवला आसंल मी... तसंच सांगतो बैठकीत.”

अभिनंदननं आप्पांकडं बघितलं.

आप्पा त्याच्याकडं बघत नव्हते. त्यांचं सगळं लक्ष गोळ्यात.

एवढं सोपं होतं. गप्प बसायचं, बाकीचं शिदूच करणार होता. मशीन तर आता बरोबर चालतच होतं. कुणाला कळलंही नसतं.



“शिदू,” अभिनंदन म्हणाला, “काल शिट्टी वाजली नाही. वाजणारच नव्हती. चूक माझी आहे. तू बैठकीत काही बोलू नको, मी येतोय.”

तिकडून नुसती धाप.

“...असं व्हय,” शिदू म्हणाला. “मग या सायेब. लवकर या.”

अभिनंदननं लॅपटॉप मिटला, विभूतीचा पट्टा तसाच ठेवून. पिशवीत कोंबला. पायात चप्पल उलटसुलट घातली आणि दोन दोन पायऱ्या उतरत सुटला. आत्ता सगळ्या बायका तोंडावर बोलणार, ज्यांचं दूध गेलं त्या तर सोडणारच नाहीत, हे त्याला दिसत होतं. तरी छातीत असं काही उसळत होतं, की शर्यतीचा बैल सोडल्यासारखा तो गाडीपाशी पोचला.

किक मारता मारता थांबला. मागं वळला.

“आप्पा, शब्द देतो. त्या खड्ड्यात आता काहीच टाकणार नाही.”

आप्पांनी हातावरची राख फुंकली.

“टाक की. शिदू आत्ता ‘झ्याक’ म्हणाला... तेवढं टाक.”