खुटीचं दार आणि मुंगीबाईचे चिंचोके

खाडीच्या काठी एक बीळ होतं. बिळात एक खेकडी राहायची. तिचं नाव खुटी. खुटी एवढीशी, पण मडकी करायची छान. चालायची मात्र तिरकी. खुडूक खुडूक, तिरकी तिरकी. सरळ चाललं की खेकड्यांना चक्कर येते.

खुटीच्या बिळाला दार होतं. शिंपल्याचं दार. एकदा भरती आली. डुबुक डुबुक! दार गेलं वाहून. खुटीची गादी भिजली. उशी भिजली. खुटीला रडू आलं. रडूही खारट, पाणीही खारट. कुठलं कुठलं, कळेना.

"संध्याकाळी परत भरती," खुटी म्हणाली. "त्याआधी दार हवं!"

खुटी निघाली. खुडूक खुडूक, तिरकी तिरकी. गेली गोगलकाकूकडे. गोगलकाकू म्हणजे गोगलगाय. ती शिंपले विकायची.

"गोगलकाकू, गोगलकाकू, एक दार द्या."

"आधी चिंचोका, मग दार."

खाडीकाठी सगळे चिंचोका देऊन वस्तू घ्यायचे. चिंचोका नसला तर उधार घ्यायचे. उधार न देणाऱ्या दोघीच. एक गोगलकाकू. दुसरी मुंगीबाई.

खुटीला आठवलं. सशाने तिचं मडकं उधार नेलं होतं. खुटी निघाली. खुडूक खुडूक, तिरकी तिरकी.

"ससोबा, ससोबा,
पाण्याने नेलं दार,
गोगलकाकू दार देईना,
मी झोपू कशी?
माझ्या मडक्याचा चिंचोका द्या."

ससोबाने कान खाजवले. खसाखसा.

"होता एक चिंचोका. गेला साखरेत. साखर गोड होती. सुगरणीने माझी नाचणी नेलीय. ती मला देईल, तर मी तुला देईन."

खुटी निघाली. खुडूक खुडूक, तिरकी तिरकी. सुगरण पक्षीण फांदीवर विणत बसली होती.

"सुगरणताई, सुगरणताई,
पाण्याने नेलं दार,
गोगलकाकू दार देईना,
ससोबा चिंचोका देईना,
मी झोपू कशी?
ससोबाचा चिंचोका दे."

सुगरणीने मान हलवली. टिवटिव टिवटिव.

"होता एक चिंचोका. गेला साखरेत. साखर गोड होती. माकडाने माझा झोका नेलाय. तो मला देईल, तर मी ससोबाला देईन."

खुटी निघाली. खुडूक खुडूक, तिरकी तिरकी. माकड नव्या झोक्यात बसलं होतं. कुईं कुईं, कुईं कुईं. समोर बोरांचा ढीग.

"माकडदादा, माकडदादा,
पाण्याने नेलं दार,
गोगलकाकू दार देईना,
ससोबा चिंचोका देईना,
सुगरणताई चिंचोका देईना,
मी झोपू कशी?
सुगरणताईचा चिंचोका दे."

माकडाने झोका थांबवला.

"होता एक चिंचोका. गेला साखरेत. साखर गोड होती. आपण सगळे मुंगीबाईची साखर घेतो. मुंगीबाई कुणाचं काही घेत नाही. ती माझं बोर घेईल, तर मी सुगरणताईला देईन."

खुटीने वर पाहिलं. सूर्य खाली आला होता. खाडीचं पाणी दगडाशी आलं होतं. डुबुक. एकदाच, पण आलं होतं.

खुटी पळाली. खुडूकखुडूकखुडूक! तिरकी तिरकी तिरकी!

मुंगीबाई घराबाहेर बसली होती. घरात जागाच नव्हती. घरात चिंचोके. कोनाड्यात चिंचोके. माळ्यावर चिंचोके. बाळं बाहेर ओळीने झोपायची. पाऊस आला की ओळीने भिजायची.

"मुंगीबाई, मुंगीबाई,
पाण्याने नेलं दार,
गोगलकाकू दार देईना,
ससोबा चिंचोका देईना,
सुगरणताई चिंचोका देईना,
माकडदादा चिंचोका देईना,
मी झोपू कशी?
माकडदादाचं एक बोर घे."

"छे!" मुंगीबाई म्हणाली. "मला काही लागत नाही."

"मग एवढे चिंचोके कशाला? खातेस?"

"छे! कडक असतात."

"पांघरतेस?"

"छे! घरंगळतात."

"मग?"

"मग साठवते. पुढे उपयोगी पडतील."

"पुढे म्हणजे कधी?"

"पुढे म्हणजे पुढे."

खुटीने साखरेचा ढीग पाहिला. केवढा ढीग!

"आज साखर किती खपली?"

"एक कणसुद्धा नाही. कालही नाही," मुंगीबाई म्हणाली. "हल्ली लोकांना चवच राहिली नाही."

"चव आहे गं," खुटी म्हणाली. "चिंचोका नाही. सगळे चिंचोके तुझ्या घरात बसलेत. आणि तुझी बाळं बाहेर."

मुंगीबाईचं सगळ्यात धाकटं बाळ होतं कणी. कणी हळूच म्हणाली, "आई, बोर गोड असतं?"

मुंगीबाईला ते माहीतच नव्हतं. तिने बोर कधी खाल्लंच नव्हतं.

तिने घरात डोकं घातलं. एक चिंचोका ओढला. हूं! निघेना. आणखी ओढला. हूंऽऽ! टप्! निघाला.

मग काय! मुंगीबाईने माकडाला चिंचोका दिला, बोर घेतलं. कुईं कुईं!

माकडाने सुगरणीला चिंचोका दिला. टिवटिव टिवटिव!

सुगरणीने सशाला चिंचोका दिला. खसाखसा!

सशाने खुटीला चिंचोका दिला. वर म्हणाला, "मडकं छान आहे हो." आधी कधी म्हणाला नव्हता.

खुटी पळाली. खुडूकखुडूकखुडूक! गोगलकाकूला चिंचोका दिला. शिंपला डोक्यावर घेतला. पाणी मागे, खुटी पुढे. डुबुक डुबुक, खुडूक खुडूक! डुबुक डुबुक, खुडूक खुडूक! खुटी बिळात शिरली. खटाक्! दार लावलं.

गोगलकाकू चिंचोका घेऊन साखर आणायला निघाली. अजून वाटेतच आहे.

आणि मुंगीबाई? तिच्या बाळांनी बोर खाल्लं. सगळ्यांनी मिळून, एकच बोर. मग कणी म्हणाली, "आई, झोका पण असतो?" मुंगीबाईने सुस्कारा टाकला. पुन्हा घरात डोकं घातलं.

एक चिंचोका निघाला. मग आणखी एक. मग आणखी एक. घरात एवढीशी जागा झाली. कणी त्या जागेत जाऊन झोपली.

इकडे भरती आली. दारावर वाजलं, डुबुक डुबुक.

"कोण आहे?"

"मी पाणी."

"दार लावलंय," आतून खुटी म्हणाली. "मी झोपले."

पाणी थोडा वेळ थांबलं. मग परत गेलं.

खुटीची गादी कोरडी, कणीची झोप गाढ, आणि आपली गोष्ट पोचली घरी.