बायाक्काची मांडी

फार फार वर्षं झाली. ओढ्याकाठच्या सोनकुसळे गावात उसाचं एक मोठं गुऱ्हाळ चालायचं, आणि तिथल्या रस उकळायच्या चुलवाणात चिपाडं सारायला बायाक्का नावाची बाई होती. अंगानं काटकुळी, बोलणं मोजकं. पण एकदा पाय रोवला की बैलजोडीनंही हलायची नाही, असं म्हणतात.

तेव्हा कामाला आलेल्या बाया जांभळाच्या फांद्यांना झोळ्या बांधून त्यात लेकरं निजवायच्या. लेकरू किरकिरलं की गुळाचा खडा फडक्यात बांधून त्याच्या तोंडात द्यायच्या. ते दिवसभर ती पुरचुंडी चोखत पडायचं. दोन-तीन वर्षांत दातांचे काळे खुंट उरायचे. लोक म्हणायचे, दुधाचेच दात, पडायचेच आहेत.

बायाक्काची यसू चार वर्षांची. तिची दाढ किडली. आधी ती भाकरी नको म्हणू लागली, मग गाल सुजला, मग ताप चढला. पाचव्या दिवशी यसू गेली.

बायाक्का दारात बसून राहिली. यसूची पुरचुंडी रोज आपल्याच हातांनी बांधली होती, एवढंच तिला आठवत होतं. तेरावा झाला, आणि दुसऱ्या सकाळी ती गुऱ्हाळावर आली ती चुलवाणाकडे गेलीच नाही. थेट जांभळाखाली गेली. तिथं अकरा झोळ्या होत्या. अकराही तोंडांतल्या पुरचुंड्या तिनं काढून घेतल्या.

लेकरांनी एकच आकांत केला. बाया धावत आल्या. रखमा नावाची एक जण म्हणाली, "आता ही लेकरं रडाय लागली, तर काम कुणी करायचं?"

"माझ्या मांडीवर रडतील," बायाक्का म्हणाली. "तुम्ही कामाला जावा."

त्या दिवसापासून तिनं तेवढंच केलं. तान्ह्यांच्या हिरड्या ओल्या मऊ फडक्यानं पुसायच्या. चालत्या-बोलत्यांना बाभळीची काडी चावून मऊ करून द्यायची, दात घासून घ्यायचे, गोड खाल्लं की चूळ भरायला लावायची. गुऱ्हाळाचे मालक तात्याराव संतापले. चुलवाण थंड पडतंय म्हणून त्यांनी तिला कामावरून काढलं, आवारातून घालवलं. ती बांधापलीकडे जाऊन बसली. बायांनी आपापली लेकरं मुकाट्यानं तिच्याकडे नेऊन दिली.

अकराची बावीस झाली, शेजारच्या वाड्यांवरची आली. जितकी लेकरं येतील तितकी बायाक्काची मांडी वाढत जायची, एकाचाही पाय भुईला लागला नाही, असं म्हणतात. ती हसली की ओढ्यापलीकडच्या गावाला लखलख दिसायची, असंही म्हणतात.

दोन हंगाम असे गेले. मग एके दुपारी तात्याराव स्वतः बांध ओलांडून आले. कडेवर नातू होता. पुढचे दात किडलेले, दोन दिवस पोटात अन्न नाही. त्यांनी नातवाला तिच्या पुढ्यात ठेवलं.

बायाक्कानं त्याचं तोंड कोमट मिठाच्या पाण्यानं धुतलं. मग म्हणाली, "गेलेला दात माझ्यानं परत यायचा नाही, तात्या. राहिलेले राखीन. पण मी आज हाय, उद्या नाही. तुमच्या गुऱ्हाळावर लेकरं धरायला एक बाई कायम पायजे. आणि तिचा वाटा बाकीच्यांएवढाच."

तात्यारावांनी नातवाच्या गळ्यात बांधलेली पुरचुंडी सोडली, आत नेऊन आपल्या हातानं चुलवाणात टाकली आणि परत येऊन बायाक्काला आत चला म्हणाले.

ती खूप जगली. शंभरीतही उसाचं कांडं दातांनी सोलायची, असं म्हणतात.

आजही सोनकुसळ्यात हंगाम सुरू होताना पहिली निवड होते ती लेकरं धरणाऱ्या बाईची. तिच्या जागेला 'बायाक्काची मांडी' म्हणतात. ती जागा भरल्याशिवाय चुलवाण पेटत नाही. आणि नव्या गुळाचा पहिला खडा वाटला, की सारा गाव ओढ्यावर जाऊन खळखळून चूळ भरतो. ज्यांच्या तोंडात एकही दात उरला नाही, ते म्हातारेसुद्धा.