वगताजीचा कोरडा घाट

मंडळी, बसण्याआधी एक सांगा बरं. ऊन डोक्यावर आहे, घशाला कोरड पडली आहे, आणि समोर तुमचे डोळे एक सांगताहेत, वाटाड्या दुसरंच सांगतो आहे. अशा वेळी विश्वास कोणावर ठेवाल? घाईनं उत्तर देऊ नका. या जागी भल्याभल्यांनी घाईनं उत्तर दिलं आहे.

हा घाट नीट पाहून घ्या. जयपूरचे महाल पाहिलेत, जोधपूरचा किल्ला चढून आलात, उद्या जैसलमेरच्या हवेल्यांची नक्षी पाहून मान दुखेपर्यंत वर बघाल. त्या सगळ्यांपुढे या दहा पायऱ्या म्हणजे काहीच नाही. पण दगड बघा. जैसलमेरचाच पिवळा दगड, सांध्यात नख शिरणार नाही असा बसवलेला. दोन्ही अंगांना ठेंगणे बुरूज. एवढा देखणा घाट उतरतो कशात, तर या पांढऱ्या खारट मातीत. नदी नाही, तळं नाही. खारडी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या आजोबांनीही इथं कधी पाणी पाहिलं नव्हतं. तरी घाट आहे, आणि त्याचं कारण असं सांगतात.

फार वर्षांपूर्वी खानदेशातल्या एरंडोलचा नथूशेट वाणी नावाचा निळीचा व्यापारी मुलूख बघायला निघाला. शाळेत गेलेला नव्हता, पण निळीची वडी जिभेला लावून तिच्यात माती किती आणि माल किती हे सांगायचा. मनाजोगा धंदा झाला, पोरं हाताशी आली, तेव्हा त्याच्या मनानं घेतलं की जिथं आपला माल जातो ती शहरं एकदा डोळ्यांनी पाहावीत. बायको गोजराबाई, मेव्हणा हिरामण, शेजारची दोन जोडपी आणि दोन गडी, अशी नऊ माणसं निघाली.

अजमेर पाहिलं, जोधपूर पाहिलं. जोधपूरची निळी घरं बघून नथूशेट इतका हरखला, की भर रस्त्यात एका भिंतीवर बोट घासून त्यानं ते चाटलं म्हणे. घरमालक काठी घेऊन बाहेर आला. नथूशेट त्याला शांतपणे म्हणाला, रंग उत्तम आहे, फक्त चुना जरा जास्त झाला. दोघांची अशी गट्टी जमली, की दोन दिवस सगळी मंडळी त्याच घरी जेवायला होती. नथूशेटचं सगळं असंच. गोड बोलणं, माणूस जोडणं, आणि आपल्या गाठोड्यात काय आहे हे कोणाला कळू न देणं.

जैसलमेरला जायचं म्हणजे पुढं वाळवंट. त्यासाठी वाटाड्या मिळाला तो वगता रायका. उंट राखणाऱ्यांच्या जातीतला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. वाळूवरचा माग बघून उंट कोणाचा, भरलेला की रिकामा, आणि गेला कधी, हे तो सांगायचा. नथूशेटला त्याचं मोठं कौतुक वाटलं. आपण जिभेनं नीळ ओळखतो तशी हा पायानं जमीन ओळखतो, असं तो गोजराबाईला म्हणाला.

शेवटच्या विहिरीशी नुसता चिखल राहिला होता. तिथं वगतानं सगळ्यांना थांबवलं आणि नथूशेटला विचारलं, पाण्याच्या मशका किती आहेत. शेळीच्या कातड्याच्या लहान मशका त्या. होत्या सहा.

आता व्यापाऱ्याची जात लक्षात घ्या. कोणी माल किती आहे असं विचारलं, की त्याची जीभ आपण होऊन कमी आकडा सांगते. जकातवाल्याला कमी, गिऱ्हाईकाला कमी, भावालासुद्धा कमी. त्यात नथूशेटनं ऐकलं होतं, की या मुलखात वाटेत भेटेल त्या तहानलेल्याला पाणी द्यावं लागतं. दिसलं की गेलं. म्हणून दोन मशका त्यानं आधीच अंथरुणाच्या वळकटीत गुंडाळून ठेवल्या होत्या. बायकोलाही पत्ता नव्हता.

"चार," तो म्हणाला.

वगता उकिडवा बसला. मग त्यानं वाळूत बोटानं दोन रेघा ओढून समजावलं. एक वाट लांबची, तीन दिवसांची. तिच्यावर दुसऱ्या संध्याकाळी गोड्या पाण्याची विहीर आहे, पण तिथवर पोचायला सहा मशका लागतात. दुसरी वाट सरळ, या खाऱ्या ओसाड रणातून खारडी गावाला, दीड दिवसाची. तिच्यावर विहीर नाही, झाड नाही. चार मशकांत ती वाट निभते, पण मध्ये काही आडवं आलं तर एक घोटही वरचा नाही. चारच असतील तर सरळ वाटेनंच जावं लागेल. नथूशेटच्या ओठांवर आलं होतं की जरा थांब, पुन्हा मोजतो. पण एकदा सांगितलेला आकडा वाढवायची त्याला सवय नव्हती.

निघाले. दुपारी वारा उठला आणि पहाटेपर्यंत वाळूचं वादळ घोंघावत राहिलं. सगळे उंटांच्या आडोशाला पडून होते. सकाळी वारा पडला तेव्हा अर्ध्या दिवसाची चाल बुडाली होती आणि पाणी मात्र प्यायलं गेलं होतं. गोजराबाईला ऊन बाधलं, पोटात पाणी ठरेना. वगतानं आपल्या वाट्याचं पाणी तिच्या तांब्यात ओतलं आणि उंटाची वेसण धरून पुन्हा चालू लागला. एकदा नव्हे, तीनदा.

नथूशेट हे बघत होता. वळकटी त्याच्या पुढच्याच उंटावर हलत होती. दर वेळी तो मनाशी म्हणायचा, आता काढू. मग वाटायचं, आता काढल्या तर काल का लपवल्या हे सांगावं लागेल. आणखी थोडं थांबू. अगदी गरज पडली की काढू. जितकं थांबला तितकं सांगणं जड होत गेलं. दुपारी चौथी मशक पिळून झाली.

आणि तेव्हाच डाव्या हाताला तळं दिसलं.

साधंसुधं नव्हे. निळंशार, काठाला झुडपं, झुडपांच्या सावल्या पाण्यात डुलताहेत. बायका रडायला लागल्या. गड्यांनी उंट तिकडं वळवलेसुद्धा. वगता आडवा आला.

"ते पाणी नाही," तो म्हणाला. "ते ऊन आहे."

हिरामण काल दुपारपासून धुमसतच होता. तो म्हणाला, "नवलाचं ऊन बाबा तुमच्याकडचं. त्यात झाडांच्या सावल्या पडतात. काल म्हणालास दुपारपर्यंत पोचू, ती दुपार केव्हाच झाली. आता आम्ही डोळे काढून तुझ्या हातात देऊ का?"

वगतानं वाद घातला नाही. खारडी गाव उजव्या हाताला, मावळतीकडं आहे, एवढंच पुन्हा सांगितलं. कोणी हलेना. तेव्हा तो म्हणाला, मी स्वतः तिथं जाऊन उभा राहतो, तुम्ही इथून बघा, मग तर पटेल. आणि त्या उन्हात एकटा चालत निघाला. सकाळपासून त्याच्या पोटात घोटभरही पाणी नव्हतं, हे नथूशेटला माहीत होतं.

इथं दैवानं कशी थट्टा केली बघा. वगता लांब जाता जाता लहान झाला आणि तळ्याच्या काठाशी पोचला. काठ ओलांडून आत गेला. मंडळींना काय दिसलं, तर वगता कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे आणि त्याच्या खाली त्याचंच उलटं प्रतिबिंब हलतं आहे. पाणी नाही हे दाखवायला त्यानं खाली वाकून ओंजळभर खारी माती उचलली आणि वर उधळली. इथून वाटलं, पाणी उडवतो आहे. त्यानं पागोटं सोडून नको नको म्हणून हलवलं. इथून वाटलं, या या म्हणून बोलावतो आहे.

हिरामण म्हणाला, "बघा, स्वतः अंघोळ करतोय." आणि सगळे धावत सुटले.

नथूशेटला एका क्षणात कळलं, की ही माणसं त्या बाजूला गेली म्हणजे परत यायला पाय उरणार नाहीत. त्यानं हाका मारल्या. कोणी मागं पाहिलं नाही. तेव्हा त्यानं उंट बसवला, वळकटीची दोरी सुरीनं कापली आणि एक मशक ओढून काढली.

"पाणी इथं आहे," तो ओरडला. "माझ्याकडं आहे."

हिरामण वळला, पण चाल समजून पुन्हा निघाला. मग त्या माणसानं, ज्यानं जन्मात निळीची चिमूट सांडू दिली नव्हती, मशकेचं तोंड सोडलं आणि धार वाळूवर धरली. वाळूवर काळा डाग पडला आणि पसरत गेला. तो डाग बघून एकेक जण थांबला.

गोजराबाई उंटावरून उतरून त्याच्यापाशी आली. डाग बघितला, मशक बघितली.

"कालपासून होतं?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. ती पुढं काही बोलली नाही. त्यानंतर बारा वर्षं संसार झाला, पण ती जे बोलली नाही ते आपल्याला रोज ऐकू यायचं, असं नथूशेट म्हाताऱ्या वयात सांगायचा म्हणे.

एकेक घोट सगळ्यांना देऊन तो मशक घेऊन वगताकडं धावला. पोचला तेव्हा तिथं पांढरी भेगाळलेली माती होती आणि तिच्यावर वगता बसला होता. पाय गेले होते, डोळे खोल गेले होते. नथूशेटनं मागं वळून पाहिलं, तर त्याची बायको, मेव्हणा, उंट, सगळे गुडघाभर निळ्या पाण्यात उभे होते.

वगतानं एकच घोट घेतला, बोलता यावं म्हणून, आणि मशकेच्या तोंडावर हात ठेवला.

"किती आहे?" त्यानं विचारलं.

"दोन. त्यातली ही थोडी कमी."

"आणि काल?"

"सहा होत्या."

वगता रागावला नाही. तो थोडासा हसला असं सांगतात. म्हणाला, सहा सांगितल्या असत्या तर आत्ता आपण विहिरीच्या वाटेवर असतो. मग हिशेब सांगायला लागला. सूर्य समोर ठेवून चाला, बुडाला की ध्रुवतारा उजव्या हाताला धरा. दर माणशी इतके घोट, इतक्या वेळानं. उद्या उजाडता गाव. "नऊ माणसांना पुरतं," तो म्हणाला. "दहावा धरला तर नाही पुरत."

नथूशेट म्हणाला, दहा जणांचं बसवू, मी माझं सोडतो.

"हिशेब तुम्हाला येतो, शेट. करून बघा. मी उठणार नाही, तुम्ही सोडलं तरी."

आणि नथूशेटनं तो हिशेब केला. जन्मभर ज्याची बेरीज चुकली नाही, त्या माणसानं तिथं गुडघ्यांवर बसून तीनदा केला. तरीही त्यानं मशक पुन्हा वगताच्या तोंडाशी नेली. वगतानं दात आवळून घेतले. मंडळी उंट घेऊन येईपर्यंत नथूशेटच्या मांडीवर तो गेला होता. जिथं त्याला सगळ्यांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं पाहिलं, तिथंच त्याला मूठमाती दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडता नऊच्या नऊ माणसं खारडीच्या वेशीत शिरली. मशकेतला शेवटचा घोट वेशीतच संपला. वगताचा हिशेब घोटाचाही चुकला नव्हता.

बाकीची मंडळी गावी परतली. नथूशेट आणि गोजराबाई राहिली. त्यानं जैसलमेरहून दगड आणि कारागीर आणले. कारागीर हसले. पाणी नाही तिथं घाट कशाला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा नथूशेट म्हणाला, "नऊ जणांनी त्याला इथं पाण्यात उभं पाहिलं. मग घाट नको?"

खारडीच्या एका जाणत्या म्हाताऱ्यानं मात्र मुद्द्याचं विचारलं. शेट, लांबून घाट दिसला की लोक पाण्याच्या आशेनं आणखीच फसतील, त्यांचं पाप कोणाला? नथूशेट म्हणाला, म्हणूनच बांधतो. आणि त्यानं काय केलं, ते खाली उतरून दहाव्या पायरीशी बघा. तिथली ती मोठी शिळा दोघांनी सरकवली की खाली चुन्यानं बांधलेलं टाकं आहे. ते भरायला त्यानं उंट ठेवले. डोळ्यांनी फसलेला माणूस इथवर आला, तर त्याला खरं पाणी मिळावं. गोजराबाईनं पहिली घागर स्वतःच्या डोक्यावरून आणून ओतली, आणि त्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली म्हणे, "आता मोजा."

आजही वगताच्या कुळातली माणसं आळीपाळीनं हे टाकं भरतात. पूर्वी उंटांवरून, आता टँकरनं. आणि आजही इथं पाणी मागणाऱ्याला त्याचं नाव, गाव, जात कोणी विचारत नाही. पोलीस येवो, मंत्री येवो, परदेशी पाहुणा येवो, शिळेवर बसलेला राखणदार एकच विचारतो, तुझ्याजवळ पाणी किती आहे. त्याप्रमाणे मागणाऱ्याला किती द्यायचं आणि मागून येणाऱ्या वाटसरूंसाठी किती ठेवायचं ते तो ठरवतो. कोणाची पिशवी उघडून बघण्याची इथं पद्धत नाही. सांगितलेला आकडा तो खरा धरतो.

तो बघा, उठला. आता तो तुमच्याकडंच येईल. बाटल्या पिशवीत असोत, गाडीत असोत, सीटखाली असोत, सगळ्या आठवून घ्या मंडळी, आणि आहे तेवढंच सांगा.